चाकांतील विजेच्या मोटारीची दुरुस्ती

मनोरी गांव मुंबईच्या हद्दींत मोडत असलें, तरी मध्यें खाडी आडवी आल्यामुळें तेथील बागाइतदारास मालाडचा बाजार गांठण्याकरितां मार्वेची होडी धरावी लागते. नाहीं तर गोराई व उत्तनवरून भाईंदरचा लांबचा फेरा पडतो. वाडींतील भाजी व नारळ धक्क्यापर्यंत पोंचविण्यास विजेची मोटार बसविलेली जुनी सायकल अशा ठिकाणीं फार सोयीची पडते. मोटारीची शक्ति २५० वॉटहून कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी, व वजन, ब्रेक इत्यादि इतर अटी पाळलेल्या असल्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ती 'मोटार वाहन' गणली जात नाहीं. सबब नोंदणी व परवाना यांची दगदग नाहीं. अधिक शक्तीची मोटार बसविणारानें ही सवलत गमावली असें समजावें.

परंतु ही मोटार बंद पडली म्हणजे शेतकऱ्याची मोठी अडचण होते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या एका बागाइतदाराची सायकल ऐन भाजीच्या हंगामांत अडली. खाडीपलीकडील एका दुकानदारानें ती न उघडतांच 'मोटार गेली, नवी घ्या' असा निकाल दिला. आम्हीं ती उघडवून पाहिली, तों आंतील नायलॉनच्या तीन चक्रींचे दांते झिजून साफ झालेले आढळले. तांब्याच्या वेटोळ्यांस मुळींच धक्का लागलेला नव्हता. अल्प खर्चांत होणाऱ्या कामासाठीं सबंध मोटारीचे पैसे शेतकऱ्यानें कां भरावे? म्हणून या दुरुस्तीची माहिती येथें देत आहों.

मोटारीची रचना

चाकाच्या तुंब्यांत मोटार बसविण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील ओहायो संस्थानचे रहिवासी ऑग्डेन बोल्टन यांस अशा सायकलीचें पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजीं मिळालें. त्या मोटारींत घांसणारे ब्रश होते; हल्लींच्या मोटारींत ते नसतात. आंस स्थिर राहतो, त्यावर तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात, व त्यांभोवतीं लोहचुंबकांचें कडें फिरतें. कंट्रोलर नांवाची पेटी तीन जाड तारांतून वेटोळ्यांस पाळीपाळीनें वीज देते. पाळी कोणाची, हें तिला हॉल सेन्सर नांवाचे तीन बारीक तुकडे कळवितात. लहान मोटारींत हें कडें चाकाच्या चार-पांच पट वेगानें फिरतें. तो वेग उतरविण्यास नायलॉनच्या तीन दंतचक्री व एक एकेरी क्लच असतो. बिनचक्रीच्या जड मोटारींत चुंबकांचें कडें व चाक एकत्रच फिरतात.

दोष ओळखण्याची रीत

नाडी पाहिल्याविना वैद्य औषध देत नाहीं, तसें बाहेरची तपासणी केल्याविना मोटार उघडूं नये. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली असतां मीटर सुमारें ४२ व्होल्ट दाखवितो, तें प्रथम पाहावें. ब्रेकच्या मुठींतील कळ अडकून राहिली तरी मोटार चालत नाहीं. खाऱ्या हवेंत तारांच्या जोडांवर हिरवा कळंक चढतो. तो साफ करतांच कित्येक आजार बरे होतात.

मोटार घरघरते पण चाक फिरत नाहीं, तर दोष बहुधा चक्रींत किंवा क्लचांत असतो. चाक जागच्या जागीं थरथरतें व धक्के देतें, तर सेन्सर किंवा एखादी जाड तार बिघडली असें समजावें.

जाड तारांची परीक्षा सोपी आहे. बॅटरी काढून मोटार कंट्रोलरपासून सोडवावी व चाक उलट दिशेनें फिरवावें, कारण चक्रीच्या मोटारींत सुलट फिरविल्यास क्लच मोकळा सुटतो. तारा सुट्या असतांही चाक जड लागलें, तर वेटोळीं किंवा तारा आंत एकमेकींस चिकटल्या आहेत. हलकें फिरलें, तर दोन-दोन तारांचीं टोकें एकत्र धरून पाहावें. तिन्ही जोड्यांत चाक सारखेंच जड झालें पाहिजे. सोडवल्यावर हलकें व जोडल्यावर जड, असें असल्यास दोष कंट्रोलरचा होय.

सेन्सरांकरितां सर्व जोडून वीज चालूं करावी. बारीक तारांपैकीं तांबडी व काळी यांमध्यें सुमारें ५ व्होल्ट दिसावे. नंतर काळी कायम ठेवून पिवळी, हिरवी व निळी एकेक तपासावी. चाक सावकाश उलट फिरवितांना आंकडा शून्य व पांच यांमध्यें आलटून पालटून बदलला पाहिजे. जेथें तो खिळून राहील तेथला सेन्सर किंवा त्याची तार निकामी. मीटरचें टोंक जाड व बारीक तारांस एकदम लागूं देऊं नये. बॅटरीची वीज सेन्सरांत शिरल्यास ते जळतात.

उघडणें व बसविणें

बॅटरी काढून चाक उतरवावें व झांकणावर खूण करून स्क्रू सोडावे. बिनचक्रीच्या मोटारींत चुंबकांची ओढ जबर असते. तेथें बोटें सांभाळावीं. झिजलेली चक्री एकच असली तरी तिन्ही एकदम बदलाव्या, व मागवितांना दांत्यांची संख्या आणि व्यास कळवावा. जुनें वंगण व नायलॉनचा भुगा पुसून नवें वंगण बेतानें लावावें. बेअरिंग खडखडत असल्यास त्यावर कोरलेल्या आंकड्याचेंच, दोहों बाजूंस रबरी झांकण असलेलें नवें घालावें. झांकणाच्या कडेस सिलिकोनचा लेप द्यावा. वेटोळीं काळीं पडून जळका वास येत असला, तर मात्र नवी मोटार घेणेंच श्रेयस्कर.

आंस चिमट्यांत फिरला तर तारा पिळवटून तुटतात. म्हणून अटकावाचे वॉशर व पट्टी विसरूं नये. तार आंसांतून बाहेर पडतांच खालीं झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पावसाचें पाणी तिच्यावरून आंत न शिरतां झोळावरून गळून जातें.

गाड्याच्या तुंब्यास वेळेवर वंगण घालणाऱ्या शेतकऱ्यास हें काम अवघड नाहीं. गांवोगांवच्या मंडळींनीं एक मीटर, पान्यांचा संच व चक्रींचा एक जादा जोड सामाईक खर्चानें ठेवल्यास ऐन हंगामांत कोणाचाही माल धक्क्यावर पोंचण्यावांचून राहणार नाहीं.