मेथी यायच्या आधीचे आठवडे

शुक्रवारी ऊन कललं की धुऱ्यावरच्या निंबाखाली वही उघडते. डाव्या पानावर अकोल्यातल्या चाळीस घरांची यादी, उजव्या पानावर उद्याच्या पिशव्यांसाठी वावरातून काय निघेल त्याचा अंदाज. लवकी वीस नग, म्हणजे अर्धी-अर्धी केली तर सगळ्यांना पुरेल. गवार पाच किलो, तोडणारे हात मिळाले तर. दोडकी निबर व्हायला लागलीत. वांगी भरपूर. पालक चौदा घरांपुरता. मेथीपुढे फुली. दसरा तोंडावर आलाय, आणि इथून पुढचे चार-पाच आठवडे या दोन पानांचा मेळ घालणं हे या वावरातलं वर्षातलं सगळ्यात अवघड काम असतं.

वावर दोन एकरांचं आहे, मूर्तिजापूरच्या दक्षिणेला. नवरा-बायको दोघं मिळून ते करतात. रासायनिक खत नाही, विकतचं कीटकनाशक नाही. दर शनिवारी चाळीस पिशव्या शहरात जातात. घरं महिन्याचे पैसे आधी भरतात आणि त्या आठवड्यात वावराने जे दिलं त्यातला वाटा घेतात. काय पाहिजे ते कुणी सांगत नाही. काय निघालं ते वावर सांगतं.

‘वाटा’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला जातो, आणि तो चपखल आहे. आठवडी बाजारात जमिनीवर पोतं पसरून भाजीचे छोटे ढीग मांडतात, त्यांनाही वाटेच म्हणतात. पण वाटा म्हटलं की वाटेकरीही आला. नफ्यात असतो तसा तुटीतही असतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरी गृहिणी आणि शेतकरी यांनी अशाच थेट बांधिलकीने भाजीपाला घ्यायला सुरुवात केली, तिला ते ‘तेइकेइ’ म्हणतात. अमेरिकेत अशी पहिली वावरं १९८६ मध्ये उभी राहिली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ या नावाने आठवड्याच्या टोपलीचा प्रयोग झाला. कल्पना सगळीकडे एकच: जोखीम एकट्या कास्तकाराच्या डोक्यावर नको. मात्र ती कल्पना खरी किती, याची परीक्षा वऱ्हाडात ऑक्टोबरमध्ये होते.

कारण ऑक्टोबर हा दोन हंगामांमधला सांधा आहे. जूनमध्ये लावलेले वेल थकलेले असतात. पानांवर भुरी चढते, दोडका आत जाळीदार होतो, काकडी कडवट लागते. हिवाळ्याची मजा, म्हणजे मेथी, मुळा, फुलकोबी, सांबार (कोथिंबीर), गाजर, अजून लांब असते. मेथी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत निघते. मुळ्याला चाळीसएक दिवस लागतात, फुलकोबीला रोप लावल्यावर अडीच-तीन महिने. म्हणजे ऑक्टोबरच्या पिशवीत काय पडणार याचा निकाल ऑगस्ट-सप्टेंबरातच लागतो, आणि तेव्हा तर काळ्या जमिनीत पाय घालवत नाही. वऱ्हाडची काळी ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. पेरलेल्या वाफ्यावर जोराची सर कोसळली आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो, मेथीचा नाजूक कोंब त्याखालीच गुदमरतो.

यावर या जोडप्याने काढलेला तोडगा साधा आहे. पालेभाजी सपाट वाफ्यात टाकायचीच नाही. वीतभर उंच गादीवाफे करायचे, तुरीच्या दोन ओळींमध्ये, म्हणजे दुपारची सावली मिळते. आणि एकदम न पेरता दर आठ दिवसांनी एक पट्टा पेरायचा. एक पट्टा पावसात गेला तरी पुढचा हाताशी राहतो. यंदा दोन गेले. म्हणून फुली.

पाण्याचंही सांगायला हवं, कारण त्यावाचून ही शेती कळत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. ते पिकाला देत राहिलं तर जमीन चोपण होते. त्या पट्ट्यातली शेकडो गावं पावसाच्या पाण्यावर एक पीक घेतात आणि भाजीपाला बाजारातून आणतात. हे वावर पट्ट्याच्या बाहेर पडतं, इथल्या विहिरीला गोडं पाणी आहे. थोडं उत्तरेला सरकलं असतं तर ऑक्टोबरात हिरवं पान दिसलं नसतं. ओलीत आहे म्हणून वाटा आहे.

गवारीपुढे ‘हात मिळाले तर’ असं का लिहावं लागतं? कारण हेच दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. बाया एकराच्या ठेक्याने सोंगणीला जातात, तिथे रोजीपेक्षा जास्त पडतं. ती संपत नाही तोच कपाशी फुटते, वेचणीआधीची सीतादहीची पूजा होते आणि वेचणीचा किलोमागे भाव ठरतो. तेव्हा चार वाफ्यांची भाजी तोडायला कोण येणार? म्हणून वहीत भाजी किलोत लिहिली तरी मनात ती तासांत मोजली जाते. पाच किलो गवार तोडायची तर एक-एक शेंग खुडत दोघांचे कितीतरी तास जातात. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, मात्र विळ्याच्या एका घावात मोकळं होतं, आणि एका कोहळ्याच्या फोडी चार-पाच घरांना पुरतात. जूनमध्ये धुऱ्याकडेने टाकलेले कोहळ्याचे वेल आता या महिन्याची लाज राखतात. फळ पुरतं पिकलेलं असेल आणि देठासकट काढलं असेल तर पडवीत महिनोन्‌महिने टिकतं.

चाळीस घरांच्या स्वयंपाकघरात पंचांगही टांगलेलं असतं, हे तर कुठल्याच शेतीच्या पुस्तकात सापडत नाही. पितृपक्षात श्राद्धाच्या स्वयंपाकाला गवार, भेंडी, कारलं, कोहळं लागतं, तेव्हा नेमकी ती सगळ्यांनाच हवी असतात. लगेच नवरात्र. नऊ दिवस उपास धरणाऱ्या घरात पालकाची जुडी पिवळी पडून जाते, पण रताळी आणि कोहळं चालतं. आणि वांगी! जुलैत लावलेली वांगी दसऱ्याला भरघोस लागतात, पण चातुर्मास पाळणारी घरं कार्तिकी एकादशीपर्यंत वांग्याला हात लावत नाहीत. काही तर थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांगं तोंडात घालतात. यादीत अशा घरांपुढे एक छोटी खूण आहे. त्यांच्या पिशवीत वांग्याऐवजी आंबाडीची मोठी जुडी जाते. आंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवली आणि वरून लसणाची फोडणी दिली की वऱ्हाडी माणूस दुसरं काही मागत नाही. चातुर्मासात लसूण वर्ज्य असेल तर नुसत्या मिरचीवर भागतं.

उरलेली वांगी दोन ढिगांत बसतात. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा कायमचा वैरी. रासायनिक फवारा न मारता तिच्याशी लढायचं म्हणजे दर आठवड्याला ओळीओळीने फिरून मान टाकलेले शेंडे खुडायचे आणि वावराबाहेर नेऊन नष्ट करायचे, कामगंध सापळे टांगायचे, आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा. त्यासाठी शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या. त्या पावसाच्या सुरुवातीला वेचून, वाळवून ठेवलेल्या असतात. एवढं करूनही काही फळांना भोक असतंच. शंका आली की कापून बघतात. वरवर लागलेलं असेल तर तेवढा भाग काढून घरच्या भाजीला, आतपर्यंत पोखरलेलं असेल तर खड्ड्यात. स्वच्छ वांगी पिशवीत. तरीही एखाद्या घरी कापल्यावर अळी निघते. पहिल्या वर्षी त्यावरून दोन घरं सुटली. आता बहुतेकांना ठाऊक आहे की हे वांगं कुठून आलं आणि त्यावर काय मारलेलं नाही.

ही जाणीव सहज आलेली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसांच्या नाकातोंडात ते औषध गेलं. विदर्भात त्या वर्षी फवारणीकडे पाहण्याची नजर बदलली. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने अकोल्यात मुख्यालय ठेवून डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केलं.

रसायनाविना शेतीची वाट दाखवणारी माणसं याच भागातली आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. यवतमाळच्या सुभाष शर्मांना ती २०२५ मध्ये मिळाली. या वावरातली निळी टाकी पाळेकरांच्या जीवामृताची आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गायीचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, दोन दिवसांनी ओलिताच्या पाण्याबरोबर सोडायचं. या वावरात एक गाय आहे. तिचं शेण-गोमूत्र दोन एकरांना पुरवताना हिशेब करावा लागतो, पण पुरतं.

खात्रीचा प्रश्न घरं विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धतीत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या वावरांची पाहणी करतो, नोंदी ठेवतो आणि एकमेकांची हमी घेतो. पण त्या कागदापेक्षा मोठा पुरावा म्हणजे वर्षातून एकदा घरं इथे येतात, पोरं वाफ्यांतून पळतात, निळ्या टाकीत डोकावतात आणि नाक धरतात.

शनिवारी पहाटे चारला दिवे लागतात. फळभाज्या आदल्या संध्याकाळी तोडलेल्या असतात, पालेभाजी मात्र आताच, दव असताना. दिवसा पारा पस्तिशीकडे जातो, त्याआधी पालक ओल्या पोत्याखाली गेला पाहिजे. पिशवी भरायलाही क्रम आहे: तळाला कोहळ्याची फोड आणि लवकी, मग वांगी, गवार, मूठभर हिरव्या मिरच्या, दोन लिंबं, सगळ्यात वर पाला. आज भेदरं, म्हणजे टोमॅटो, पहिल्यांदा निघालीत, तीन किलोच. चाळीस घरांना वाटली तर प्रत्येकी एक-दोन भेदरं येतील, त्याला काही अर्थ नाही. म्हणून यादीतल्या पहिल्या बारा घरांना पाव-पाव किलो, पुढच्या आठवड्यात तेरावं घर पहिलं. पालकाचंही तसंच. कुणाला काय मिळालं, ते वहीत लिहिलेलं असतं आणि सगळ्यांना दिसतं.

सातला छोटी गाडी निघते. मूर्तिजापूरवरून अकोल्याकडे, हर्रासीचा, म्हणजे लिलावाचा, माल घेऊन आलेल्या गाड्यांना ओलांडत. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून अशी थेट विक्री करताना अडतीचा प्रश्न उरला नाही. गोरक्षण रोडवरच्या एका घराच्या पडवीत पिशव्या रांगेने लागतात. सकाळच्या दोन तासांत लोक येऊन घेऊन जातात. मागच्या आठवड्याची रिकामी पिशवी परत करायची हा नियम. कुणी कोहळ्याचे घारगे डब्यातून आणून देतं. एक काकू मेथी कधी येणार म्हणून विचारतात. तिसऱ्यांदा.

दुपारी वावरात परतल्यावर जेवण, थोडी झोप, आणि ऊन उतरताच पुन्हा गादीवाफा. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका केलेले आहेत, नाहीतर सांबार उगवायला फार वेळ घेतो. मेथी ओळीत पडते, वरून चाळलेलं शेणखत, त्यावर वाळलेल्या गवताचा पातळ थर, झारीने पाणी. मग वही पुन्हा उघडते आणि बायको पाच पानं पुढे उलटते. दिवाळीनंतरच्या शनिवारच्या पानावर ती लिहिते: मेथी, चाळीस जुड्या. कंसात, बारीक अक्षरात: पाऊस नाही आला तर.