गुरुदक्षिणा म्हणून उभा राहिलेला ‘सवाई’

डिसेंबर आला की पुण्यात ‘सवाई’ संगीत महोत्सवाची तिकिटं, कलाकारांची यादी, शाल-स्वेटर यांचीच चर्चा. पण हा महोत्सव मुळात एका शिष्यानं गुरूची आठवण जपण्यासाठी सुरू केला, हे गर्दीत विसरायला होतं.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. गाणं शिकायचं म्हणून लहानपणीच घर सोडलेले भीमसेन जोशी भटकंतीनंतर १९३६च्या सुमारास त्यांच्याकडे कुंदगोळला पोचले. घरची कामं करत, पाणी भरत त्यांनी तालीम घेतली. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हे त्यांचे गुरुबंधू-भगिनी.

१९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम सुरू झाला; तोच हा महोत्सव. तो सुरू करणारे भीमसेनजी नुसते गाऊन थांबले नाहीत. कलाकारांना बोलावण्यापासून व्यवस्थेपर्यंत सगळ्यात अनेक दशकं जातीनं लक्ष घालत राहिले. मला तर त्यांच्या मैफलींइतकंच हे काम मोठं वाटतं. २०११ साली ते गेल्यावर महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचंही नाव आलं.

सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका यूट्यूबवर आहेत. यंदा मंडपात जाण्याआधी एक तरी ऐकाच!