घरच्या इंटरनेटचा राखणदार: जुन्या संगणकाचा फायरवॉल करताना भागांची पत्रिका कशी जुळवावी?



'आरोग्य आणि अर्थ' या पानावर संगणकाच्या कार्डांची आणि केबलींची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आज आपले बहुतेक अर्थकारण आणि बरेचसे आरोग्य घरातल्या एका छोट्या डब्यातून ये-जा करते. बँकेचे व्यवहार, टॅक्सचे कागद, भारतातील एनआरई खाते, आजींच्या रक्तदाबाचे आकडे, डॉक्टरांची व्हिडिओ भेट, हे सगळे त्या राउटरमधून जाते. २०१८ साली 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतील किमान ५ लाख राउटर व तत्सम उपकरणे ग्रासली होती, आणि त्या वर्षी मे महिन्यात एफबीआयने घरोघरच्या लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते. हा डबा एकदा बसवला की वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, हेच त्याचे खरे दुखणे.

त्यावरचा एक उपाय म्हणजे जुन्या संगणकालाच फायरवॉल करणे, म्हणजे इंटरनेट आणि घर यांच्यामध्ये राखणदार म्हणून बसवणे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट संगणक आपल्या बेसमेंटमध्ये पडून आहेत. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही घरासाठी मोफत मिळणारी फायरवॉल प्रणाली त्यांवर चालू शकते. दोन्ही फ्रीबीएसडी या प्रणालीवर उभ्या आहेत. ओपीएनसेन्स ही २०१५ मध्ये पीएफसेन्समधूनच वेगळी झालेली शाखा.

मंडळातील पाच-सहा घरांत मी हे काम केले आहे. माझा अनुभव असा की प्रणाली बसवणे अर्ध्या तासाचे काम. वेळ जातो तो भाग एकमेकांशी न जुळल्याने. मग माणूस वैतागतो आणि 'संगणकच खराब' म्हणून नवीन खरेदीला निघतो. बहुतेक वेळा संगणक ठीक असतो. दोष नेमका कुठे आहे, हे क्रमाने शोधता आले की पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

खरेदीपूर्वी पाहावे

लग्न ठरवताना पत्रिका आधी पाहतात, हॉल नंतर ठरवतात. इथेही तसेच करावे.

१. प्रोसेसर ६४-बिटचा हवा. पीएफसेन्सने २०१७ मधील २.४ आवृत्तीपासून ३२-बिटचे संगणक सोडून दिले. मेमरी ४ जीबी असली तर साध्या घरगुती वापरास पुरते.

२. केबल लावण्याची दोन नेटवर्क पोर्ट हवीत: एक इंटरनेटकडे, एक घराकडे. बहुतेक डेस्कटॉपला एकच असते, म्हणून दुसरे कार्ड घ्यावे लागते. यूएसबीला जोडायचे स्वस्त अडॅप्टर रात्रंदिवस चालणाऱ्या कामासाठी घेऊ नयेत.

३. कार्ड घेताना खोक्यावरचे नाव पाहू नका, आतली चिप पाहा. एकाच नावाच्या कार्डात पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसरीत भलतीच, असे सर्रास होते. फ्रीबीएसडीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर कोणत्या चिप चालतात याची यादी प्रसिद्ध होते. त्या यादीत चिपचे नाव असेल तरच पैसे मोजावेत.

४. खाच मोजावी. चार लेनचे कार्ड एक लेनच्या आखूड खाचेत सहसा बसत नाही. ते लांब, सोळा लेनच्या खाचेत बसते. बुटक्या डेस्कटॉपला अर्ध्या उंचीची पट्टी असलेलेच कार्ड लागते. जुन्या पद्धतीची साधी पीसीआय खाच टाळावी. तिची कागदावरची क्षमताच सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि तीही सर्व कार्डांत वाटलेली. गिगाबिट इंटरनेटला ती अपुरी पडते.

५. विजेचा हिशेब करावा. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप वर्षभर अखंड चालवला तर सुमारे ५२५ युनिट होतात. युनिटला २० सेंट धरले तर १०५ डॉलर. १० वॅट घेणारा छोटा संगणक तेच काम साडेसतरा डॉलरमध्ये करतो. 'फुकट' संगणक नेहमीच फुकट पडतो असे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे: प्रणाली बसवताना त्या संगणकाची डिस्क पूर्ण पुसली जाते. मुलांचे फोटो, जुने टॅक्स रिटर्न, आई-वडिलांचे वैद्यकीय अहवाल आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि ते तिथे उघडतात हे डोळ्यांनी पाहा.

संगणक सुरूच होत नसेल

यूएसबी लावूनही संगणक जुन्या विंडोजकडेच धावत असेल तर बायोसच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर बूट' बंद करावे; ते चालू असेल तर फ्रीबीएसडी सुरू होत नाही. डिस्कच दिसत नसेल तर त्याच ठिकाणी डिस्कची पद्धत 'रेड' असल्यास 'एएचसीआय' करावी.

आणखी एक गंमत. उतरवून घेण्याच्या फाइलचे वेगवेगळे प्रकार असू शकतात, जसे 'व्हीजीए' म्हणजे साध्या मॉनिटरसाठी आणि 'सीरियल' म्हणजे मॉनिटर नसलेल्या यंत्रासाठी. सीरियल प्रकार घेतला तर पडद्यावर चार ओळी येऊन सगळे थांबल्यासारखे दिसते. यंत्र बिचारे काम करत असते, पण बोलत असते दुसऱ्या दाराशी.

कार्ड चालत नसेल: तीन प्रश्न

इथे घाईने कार्ड बदलू नका. आधी हे ठरवा की अडचण पुढील तीनपैकी कोणती आहे.

पहिला प्रश्न: कार्ड संगणकाला दिसते का? पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स, दोन्हींच्या काळ्या पडद्यावरील यादीत ८ क्रमांकाचा पर्याय 'शेल' असतो. तिथे 'पीसीआयकॉन्फ' ही आज्ञा रोमन अक्षरांत लिहून, जागा सोडून, उणे चिन्ह आणि एल व व्ही ही अक्षरे जोडावीत. खाचांत बसवलेल्या सर्व भागांची यादी येते. कार्डाची ओळच नसेल तर दोष खाच, कार्ड किंवा बायोस यांत आहे. वीज पूर्ण काढून कार्ड नीट दाबून बसवा, दुसऱ्या खाचेत लावून पाहा, बायोसमध्ये ती खाच बंद तर नाही हे बघा.

दुसरा प्रश्न: दिसते, पण ओळख पटते का? ओळखलेल्या कार्डाच्या ओळीची सुरुवात 'इएम', 'आयजीबी', 'आरई' अशा ड्रायव्हरच्या नावाने होते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि प्रणाली यांच्यातला दुभाषा. ओळ 'नन' या शब्दाने सुरू झाली तर कार्ड जिवंत आहे, पण दुभाषा नाही. अशा वेळी कार्ड शंभरदा काढून बसवले तरी उपयोग नाही. त्याच ओळीत उत्पादकाचा क्रमांकही असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. त्यावरून चिप खरोखर कोणाची, हे कळते. प्रणालीच्या नव्या आवृत्तीत दुभाषा आला आहे का ते पाहावे. नसल्यास कार्ड परत करावे.

तिसरा प्रश्न: ओळख पटते, पण काम नीट होते का? वेग गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर अडकला असेल तर आधी केबल बदला. १०० मेगाबिटला केबलीतल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली तरी इंटरनेट चालू राहू शकते, फक्त रांगते. केबल चांगली असूनही मध्येच खंड पडत असेल तर सेटिंगमधील 'हार्डवेअर ऑफलोडिंग'चे पर्याय एकेक करून बंद करून पाहावेत.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. तीन औषधे एकदम घेतली तर गुण कोणत्या औषधाने आला हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. मंडळातील एका निवृत्त काकांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दुसरे कार्ड मागवले होते. खोक्यावर इंटेलच्या चिपचे नाव होते. प्रणाली मात्र एकच पोर्ट दाखवी. मी गेलो तेव्हा काका नवीन मदरबोर्डच्या किमती पाहत होते. काकू म्हणाल्या, "अहो, आधी पोराला बघू तरी द्या!" यादी काढली तर कार्डाची ओळ होती, पण 'नन'ने सुरू होणारी, आणि उत्पादकाचा क्रमांक ८०८६ नव्हताच. म्हणजे खाच बरी, मदरबोर्ड बरा. माल मात्र वेगळाच. परतीची मुदत संपायला चार दिवस होते. कार्ड परत गेले, पैसे आले. त्यांनी मग जुन्या सर्व्हरमधून काढलेले, इंटेल आय३५० चिपचे दोन पोर्टांचे कार्ड घेतले. लांब खाचेत बसवताच दोन्ही पोर्ट दिसू लागली.

कार्ड ठीक, तरी इंटरनेट नाही

अनेक केबल मोडेम पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राचा पत्ता लक्षात ठेवतात आणि नव्याला दाद देत नाहीत. मोडेमची वीज काही मिनिटे बंद ठेवून फायरवॉल जोडलेला असताना सुरू करावी.

कंपनीने दिलेला डबा मोडेम आणि राउटर दोन्ही असेल तर आणखी एक पेच असतो. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स घराकडच्या बाजूस मुळात १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतात. कंपनीचा डबाही तीच मालिका वाटत असेल तर एकाच गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे होतात आणि टपाल अडते. घराकडची मालिका बदलून १९२.१६८.५०.१ अशी काही करावी, किंवा कंपनीचा डबा 'ब्रिज' पद्धतीवर ठेवावा.

वायफायसाठी जुन्या संगणकातील वायफाय कार्डावर विसंबू नये. फ्रीबीएसडीची ती बाजू दुबळी आहे. आपला जुना राउटरच वायफायपुरता वापरावा: त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे, त्याला मालिकेतला एक मोकळा पत्ता द्यावा आणि फायरवॉलची केबल त्याच्या 'लॅन' पोर्टात घालावी. मात्र त्याला सुधारणा मिळणे बंद झाले असेल तर तो बदललेलाच बरा.

घरच्यांचा विचार

हे काम शनिवारी सकाळी करावे; ज्या दिवशी आजोबांची डॉक्टरांशी व्हिडिओ भेट आहे त्या दिवशी मुळीच नाही. घरचा फोन किंवा आजींच्या गळ्यातील आपत्कालीन बटण मोडेमवर चालत असेल, तर बदल केल्यावर ते बटण सेवा देणाऱ्या कंपनीला कळवून एकदा दाबून पाहा. पूर्वीची जोडणी कशी होती याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे अडचण आल्यास दहा मिनिटांत पूर्वपदावर येता येते.

हे सगळे प्रत्येकाने करायलाच हवे असे नाही. तुमच्या राउटरला कंपनीकडून नियमित सुधारणा मिळत असतील, पासवर्ड बदललेला असेल आणि पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असेल, तर तेही बरेच झाले. उलट फायरवॉल बसवला म्हणून निर्धास्तही होऊ नये. फोनवर कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणून ओटीपी विचारला आणि आपण तो सांगितला, तर जगातला कोणताही फायरवॉल तिथे काही करू शकत नाही. राखणदार दार सांभाळतो. किल्ली आपणच चोराच्या हातात दिली तर त्याचा काय इलाज?

कार्ड घ्यायचे ठरवले असेल तर पैसे भरण्याआधी चिपचे नाव आणि आपल्या संगणकाचे मॉडेल कागदावर लिहून मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या. चहाच्या वेळात पत्रिका जुळते का ते पाहू. दक्षिणा म्हणून एक बटाटेवडा पुरे!