इंधन नको, ऊन नको – मग वीज येते कुठून?

‘एकदा फिरवा, पंप कायम चालेल’ अशा यंत्रांच्या चित्रफिती मोबाइलवर दिसतात. कापसाचा पैसा हाती आला की मोह होतो. तेव्हा वीज कशी तयार होते, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वाफेवर चाक फिरवतात. साक्रीला उन्हाचीच वीज होते.

सौर पॅनेलमध्ये बहुधा सिलिकॉन असते. हे मूलद्रव्य वाळूतही आहे. त्याच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण दावणीच्या गुरांसारखे अणूंना बांधलेले असतात. ऊन पडले की काही सुटतात. स्फटिकाच्या एका थरात फॉस्फरसचा, दुसऱ्यात बोरॉनचा किंचित अंश मिसळतात. दोन थर जुळतात ती जागा फूटव्हॉल्व्हसारखी काम करते. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला एकाच बाजूला जाऊ देते. परत यायचे तर तारेतून, पंपातून फिरून यावे लागते. तोच विजेचा प्रवाह. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली असा पहिला उपयुक्त सिलिकॉन घट दाखविला.

आता हिशेब करा. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडते. पॅनेल त्यातून सुमारे २०० वॉट वीज देते. ५ अश्वशक्तीच्या सौर पंपाला ४८०० वॉटची पॅनेल लागतात, म्हणजे सुमारे २४ चौरस मीटर जागा. मग खोक्याएवढे यंत्र उन्हाविना तोच पंप कसा चालवील? चाऱ्याविना म्हैस दूध देत नाही.

खानदेशच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजतात. त्यापुढे दर अंशाला वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पॅनेल ६५ अंश तापले, तर १६ टक्के घट. म्हणून खालून वारा खेळू द्यावा, धूळ सकाळी पुसावी, झाडाची सावली टाळावी.

राज्याने २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना सुरू केली. तीत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवला. सौर पंपाच्या नावाने पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळेही निघाली आहेत. पैसे भरण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी. आणि कोणी नवे यंत्र दाखवले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: याला ऊर्जा मिळते कुठून?