जखमी जवान आणि पाद्रीचे शास्त्र

खडकी म्हटले की पुणेकराला ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते, दारूगोळा कारखाना आठवतो, फार तर बाजारातली गर्दी. याच छावणीत युद्धाने मागे ठेवलेल्या माणसांसाठी दोन संस्था उभ्या आहेत, हे मात्र शहरात थोड्यांच्याच ध्यानी असते. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धातील जायबंदी शिपायांसाठी मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. हातपाय गमावलेल्या जवानाला पोटापुरती कला शिकवणे हे तिचे काम. दुसरी संस्था पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये ती स्थापन झाली. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे अंग लुळे पडलेले जवान तेथे राहतात. काहींना गोळी लागलेली असते, काही डोंगरी रस्त्यावरच्या अपघातात सापडलेले असतात.

अशा माणसाची शस्त्रक्रिया होते, व्यायाम होतो, व्हीलचेअर मिळते. पण शुद्धीवर आल्यानंतर काही दिवसांत जे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात, त्यांना रुग्णालयाच्या कागदावर रकाना नसतो. मलाच का? शेजारचा गेला आणि मी का उरलो? मी जे केले त्याची ही शिक्षा तर नव्हे? हे प्रश्न वैद्यकाचे नाहीत, पण ते अनुत्तरित राहिले तर वैद्यकाचेही काम अडते. लष्करी छावण्या आणि रुग्णालयांत काम करणाऱ्या पाद्रींनी, म्हणजेच चॅप्लेननी, गेल्या शंभर वर्षांत याच प्रश्नांभोवती एक शास्त्र उभे केले आहे.

भारतीय लष्करात ही जबाबदारी एकट्या पाद्रीची नाही. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू अशा धर्मशिक्षकांची कनिष्ठ आयुक्त अधिकारी म्हणून भरती होते. पूजापाठ आणि अंत्यविधी यांबरोबरच रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस, बरे होत असलेल्यांसोबत प्रार्थना आणि शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणे ही कामेही त्यांच्या कर्तव्यांत नमूद असतात. पाद्रीसाठी अट अशी की, तो रीतसर दीक्षित असावा आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत त्याचे नाव असावे. या धर्मशिक्षकांना प्रशिक्षण देणारी लष्कराची इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन ही संस्थाही पुण्यातच आहे.

या शास्त्राचा पाया एका रुग्णाने घातला, ही बाब मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अँटन बॉइसेन हे अमेरिकी पाद्री १९२० मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ईश्वरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथे उन्हाळी प्रशिक्षणासाठी बोलावले. पुस्तके वाचावीत तशी माणसेही वाचायला शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून ‘क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन’ ही पद्धत रूढ झाली. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ती शिकवली जाते. विद्यार्थी रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढतो आणि गटापुढे वाचतो. रुग्ण रडू लागताच आपण घाईने प्रार्थनेकडे वळलो, ती त्याच्यासाठी होती की स्वतःच्या सुटकेसाठी, असे अवघड प्रश्न तेथे विचारले जातात. प्रवचनाची सवय जडलेल्या माणसाला हा अभ्यास जड जातो.

बायबलमधील ईयोबाची कथा या वर्गांत हटकून येते. मुलेबाळे, गुरेढोरे, प्रकृती सारे गमावलेल्या ईयोबाला भेटायला मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मूकपणे बसून राहतात. मग ते बोलू लागतात. तुझ्याच हातून काही पाप घडले असेल, हे त्याला पटवून देण्याचा ते प्रयत्न करतात. कथेच्या अखेरीस देव रागावतो तो या मित्रांवर. त्यांचे पहिले सात दिवसच बरोबर होते, असे ही कथा शिकवणारे सांगतात. मराठी घरातही अपंग मुलग्याच्या उशाशी बसून ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणणारे नातलग भेटतात. हेतू सांत्वनाचा असतो, पण जवानाला ऐकू येतो तो निवाडा.

याचे दुष्परिणाम मोजलेही गेले आहेत. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाने आपल्याला टाकले, तो आपल्याला शिक्षा करतो आहे, अशा भावनेने ग्रासलेल्या रुग्णांत मृत्यूची जोखीम अधिक आढळली. श्रद्धा आधार देते, हे अर्धेच सत्य झाले. ती दुखावलेलीही असू शकते, आणि ते ओळखणे हे चॅप्लेनचे काम आहे.

सैनिकाच्या बाबतीत आणखी एक पदर असतो. ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ या निदानाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९८० मध्ये स्थान मिळाले. त्याच्या मुळाशी प्रामुख्याने भय मानले गेले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांना मात्र दिसले की, अनेकांना भीतीपेक्षा विश्वासघात आणि अपराधभाव पोखरत होता. या दुखण्याला ‘नैतिक जखम’ म्हटले जाऊ लागले; ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील शोधनिबंधानंतर ती कल्पना सर्वदूर पोहोचली. त्यांनी आखलेल्या उपचारात जवान एखाद्या क्षमाशील, आदरणीय व्यक्तीशी कल्पनेत बोलतो आणि मनातले ओझे उघड करतो. कॅथलिक परंपरेतील प्रायश्चित्त संस्काराशी याचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की, चॅप्लेनने क्षमेची घाई करायची नसते. ‘तुझा काही दोष नाही’ हे वाक्य, ज्याच्या चुकीच्या आदेशामुळे सोबती मेला त्याला, खोटे वाटते आणि तो पुन्हा गप्प होतो.

या कामाला मर्यादाही आहेत. झोप पूर्ण उडालेल्या किंवा जीव देण्याची भाषा करणाऱ्या जवानाला प्रार्थनेवर ठेवणे हा गुन्हाच म्हणावा लागेल. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. दुसरी मर्यादा धर्मप्रसाराची. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यापुढे स्वधर्माची थोरवी गाणे या व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. हिंदू जवानाने मागितली तर त्याची पोथी आणून देणे आणि नास्तिकाशी देवाचे नाव न काढता बोलणे, दोन्ही चॅप्लेनला जमावे लागते.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांची थडगी आहेत. शिवडीच्या दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातील ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये येथे आणले गेले. मृतांसाठीचे विधी धर्मसंस्थांनी शतकानुशतके घडवले, ते पाठ असतात. मणका तुटूनही पुढची चाळीस वर्षे जगणाऱ्यासाठी असा तयार विधी नाही. तेथे चॅप्लेनला खुर्ची ओढून व्हीलचेअरच्या उंचीला बसावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात, ठरल्या वेळी, पुन्हा यावे लागते.