गोमुखाच्या वाटेवर डोकं दुखलं तेव्हा

जळगावचा मे महिना तुम्हांला सांगायला नको. कूलरमध्ये पाणी ओतता ओतता जीव जातो. म्हणून गेल्या वर्षी ह्यांनी गंगोत्रीहून गोमुखाला पायी जायचा बेत काढला, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी लोकरीचे कपडे उन्हात टाकले!

हा भाग 1989 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच सोडतात, तेव्हा रेल्वेच्या तिकिटाबरोबरच त्याचीही सोय बघा. गंगोत्रीपासून चीरबासा 9 किलोमीटर, भोजबासा 14, गोमुख 18. तयारी म्हणून तीन महिने मी पहाटे मेहरूण तलावाला चकरा मारल्या. बूट घरातच घालून रुळवले. आतून सुती कपडे नकोत, घामानं भिजले की अंगावरच गार पडतात. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान बरोबर ठेवा, वर दुकान नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपली, बिबडे मात्र पुरले.

एवढं सगळं केलं आणि मुख्य गोष्ट चुकली. संध्याकाळी गंगोत्रीला पोचलो आणि सकाळी लगेच निघालो. जळगाव जेमतेम 700 फुटांवर, गंगोत्री 10 हजारांवर आणि भोजबासा 12 हजारांच्याही वर. तिथली हवा विरळ. शरीराला तिची सवय व्हायला मध्ये एक-दोन दिवस द्यावे लागतात.

चीरबासाच्या पुढे माझं डोकं ठणकायला लागलं. घरी डोकं दुखलं तर आपण काय करतो? बाम चोळतो आणि पोळ्या लाटायला उभ्या राहतो. मी तेच केलं. ‘बाईमाणूस आणली की असंच’ हे ऐकायचं नव्हतं ना! भोजबासाच्या तंबूत शिरले आणि भडभडून उलट्या झाल्या. वाटाड्यानं मला टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला लावलं. तेवढं जमलं, म्हणून रात्र काढू दिली. तोल गेला असता तर अंधारातच खाली नेलं असतं म्हणाला. रात्रीतून तीनदा हाक मारून गेला.

सकाळी भागीरथी शिखरांवर ऊन आलं होतं. डोकं तसंच. गोमुख फक्त 4 किलोमीटर. ह्यांनी दोन वर्षं पैसे साठवलेले. मी म्हटलं, तुम्ही आणि भाचा जाऊन या. वाटाड्या एकच होता. हे काही न बोलता पिशव्या भरायला लागले. त्या शांततेचं मला उलटीपेक्षा वाईट वाटलं.

उतरताना चीरबासाला डोकं हलकं झालं आणि चक्क भूक लागली. या दुखण्यावर खरा उपाय हाच, खाली येणं.

हिमनदी पांढरीशुभ्र असेल असं मला वाटे. वाटाड्या म्हणाला, वरून दगडमातीनं झाकलेली असते, मळकट दिसते. लांबी सुमारे 30 किलोमीटर. पण 1935 च्या मोजणीपासून तिचं तोंड वर्षाला सरासरी 20 मीटर मागे सरकतंय. भोजबासातले भोजवृक्षही सरपणापायी तुटले, गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी तिथं पुन्हा लागवड केली.

या वर्षी पुन्हा निघतोय, गंगोत्रीत दोन रात्री धरून. जाऊबाईही येताहेत. डोकं दुखलं तर लगेच सांगायचं, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. त्या म्हणाल्या, ‘‘बघू.’’