‘हो की नाही, एवढेच सांगा!’

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका वृद्ध सभासदाला चिटणिसांनी सर्वांदेखत विचारले, “आता तरी देखभालखर्च वेळेवर भरणार का? हो की नाही, एवढेच सांगा.” ‘हो’ म्हणावे तर आजवर थकबाकी ठेवल्याचा कबुलीजबाब आपल्याच तोंडून दिला जातो आणि ‘नाही’ म्हणावे तर मुजोरी पदरी पडते. म्हाताऱ्याने शांतपणे चष्मा पुसला आणि विचारले, “थकबाकीची नोंद कोणत्या पानावर आहे?” त्यावर सभेतून दोघेतिघे एकदम ओरडले, “प्रश्नाला प्रश्न नको, सरळ उत्तर द्या!”

सरळ माणसाला हो किंवा नाही म्हणता आलेच पाहिजे, जो तसे म्हणत नाही तो काहीतरी लपवतो, हा सिद्धांत मी हळदीकुंकवापासून दूरचित्रवाणीवरील चर्चेपर्यंत इतक्या वेळा ऐकला आहे की तो खोडून काढताना आवाज चढू न देणे मला अलीकडे जड जाते. त्याच्या पुष्ट्यर्थ हटकून न्यायालयाचा दाखला दिला जातो, आणि तो बहुधा चित्रपटातून आलेला असतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात साक्षीदाराने केवळ हो-नाहीतच जबाब द्यावा, असे फर्मावणारे एकही कलम नव्हते. उलट, विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर सुचविणाऱ्या प्रश्नाची, म्हणजे सूचक प्रश्नाची, व्याख्या त्याच्या कलम १४१ मध्ये होती. सरतपासणीत असा प्रश्न प्रतिपक्षाची हरकत असल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाही, उलटतपासणीत येतो. पण अपमान करण्याच्या किंवा छळण्याच्या हेतूने केलेला प्रश्न मना करणे हे कलम १५२ ने न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले होते. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी या तरतुदी नव्या क्रमांकांनी कायम आहेत. लोकसभेच्या नियमांतही प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध वा आरोप असू नये, असे बंधन आहे. खासदाराला मंत्र्यापुढे जे करता येत नाही, ते आमच्या चिटणिसांना सभासदापुढे करता येते, ही गोष्ट वेगळी.

ही युक्ती नवी नाही आणि तिच्यावरचा उतारा तर त्याहून नवा नाही. ग्रीसमधील मेनेडेमस या तत्त्वज्ञाला एका वादपटूने विचारले, बापाला मारणे तू सोडलेस का? आपण मारलेही नाही आणि सोडलेही नाही, असे तो उत्तरला. हो-नाहीचा आग्रह झाला तेव्हा, वेशीवरच अडवता येते तर तुझ्या नियमांमागे कशाला जाऊ, अशा अर्थाचे बोलून त्याने विषय संपविला. आपल्याकडे मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात का, हा दोन शिंगांचा प्रश्न घेऊन तो बुद्धाकडे आला होता. ‘हो’ म्हणाले तर सामान्य माणसात आणि यांच्यात अंतर काय, आणि ‘नाही’ म्हणाले तर देवदत्ताविषयीचे कठोर उद्गार कोणाचे, असा तो पेच होता. याचे एकांगी उत्तर नाही, एवढेच बुद्धाने सांगितले, आणि अभयाच्या मांडीवर खेळणाऱ्या तान्ह्या मुलाकडे वळून, याच्या तोंडात काडी किंवा खडा अडकला तर तू काय करशील, असे त्यालाच विचारले. रक्त आले तरी काढीन, असे अभय म्हणाला, आणि प्रश्नाची दोन्ही शिंगे तेथेच गळून पडली. प्रश्नाला प्रतिप्रश्न करणे ही अंगुत्तर निकायात सांगितलेल्या उत्तराच्या चार प्रकारांपैकी एक मान्य रीत आहे, पळवाट नव्हे.

मराठीत हा डाव बहुधा क्रियापदात नसतोच; ‘आता तरी’, ‘पुन्हा’, ‘अजून’, ‘सुद्धा’ अशा अंग चोरून बसलेल्या अव्ययांत तो असतो. “पुन्हा उशीर केलास?” यात उशिराचा प्रश्न एक आणि फिर्याद दुसरी, आधी फिर्यादीचा निकाल लावावा, मग प्रश्नाकडे वळावे. शब्दाने एवढे काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग पाहावा. मोटारींच्या अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवून, ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाच्या क्रियापदाने वेग विचारला तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आले, ‘धक्का बसला’ अशा अर्थाच्या सौम्य क्रियापदाने ३४. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारता पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांना फुटलेली काच आठवली, दुसऱ्या गटातील ७ जणांना. चित्रफितीत काच मुळी फुटलीच नव्हती.

बाकीचे समज किरकोळ आहेत. मौन म्हणजे संमती, हे म्हण म्हणून ठीक; पण आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) म्हणतो. असे प्रश्न रागावूनच विचारले जातात, हेही खरे नाही, सर्वांत पक्का सापळा बहुधा “बाळ, आईवर प्रेम आहे ना तुझे?” इतका गोड असतो. आणि विचारणारा नेहमी कावेबाजच असतो असे नव्हे, पुष्कळांना ही सवय घरातूनच लागलेली असते, म्हणून पहिल्या खेपेस ‘तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे?’ एवढेच पुरते.

सभेत शेवटी चिटणिसांनी खातेवही उघडली. बारा महिन्यांच्या बारा पावत्या वेळेवर फाडलेल्या निघाल्या. थकबाकी होती ती वरच्या मजल्यावरच्या त्याच आडनावाच्या सभासदाची. म्हातारबुवांनी, विचारलेला प्रश्न शब्दशः इतिवृत्तात नोंदवावा, एवढीच विनंती केली. इतिवृत्त परवा हाती आले. त्यात ‘सदर सभासदांकडे देखभालखर्चाबाबत विचारणा करण्यात आली’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. ‘आता तरी’ हे दोन शब्द मात्र कोठे सापडले नाहीत.